बिनभाराचा साक्षी

पत्राचं उत्तर द्यायचं राहून गेलं, असं तोळेमास्तर स्वतःला सांगत. पण राहून जाणं वेगळं आणि ठेवून देणं वेगळं. हे पत्र त्यांनी ठेवून दिलं होतं. आधी शब्दकोशात, मग बायको हल्ली शब्दकोडी सोडवते हे आठवल्यावर यंत्रशास्त्राच्या एका जाडजूड पुस्तकात, जिथे तिचा हात जन्मात गेला नसता. पत्र येऊन एकोणीस दिवस झाले होते, आणि तेवढ्यात मास्तरांनी ते पुस्तक इतक्या वेळा बाहेर काढलं होतं की परीक्षेला बसणाऱ्यानेही काढलं नसतं.

पत्र चक्रीबाईंचं होतं. आठ वर्षांनी आलेलं.

'मास्तर, नमस्कार. मी सध्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात असते. दार उघडायचं, मिटायचं, मोजायचं. आता एका रुग्णालयाच्या सांधे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मला घ्यायचं चाललं आहे, पण आपल्या त्या चाचणीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आहे. महिनाअखेरपर्यंत खुलासा द्या म्हणतात. पटला तर घेतील, नाहीतर नाही. पुन्हा गुडघ्यांवर काम करायची ही माझी शेवटची संधी. तुम्हाला एकच विचारते. त्या चाचणीत साक्षी मध्येच बदलला होता का? हो किंवा नाही एवढं लिहिलंत तरी पुरे. रागाने लिहीत नाही.'

खाली त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा पत्ता होता.

'रागाने लिहीत नाही' या तीन शब्दांपाशी मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. ज्याला राग नसतो तो कशाला लिहील, राग नाही म्हणून? आणि प्रमुखांचा पत्ता कशासाठी? म्हणजे आपण भोळेपणाने काहीतरी लिहायचं, आणि आठ वर्षांपूर्वीचं तिच्या गळ्यातलं लोढणं आपल्या गळ्यात यायचं. मास्तर नाकासमोर चालणारे असले तरी डोळे मिटून चालणारे नव्हते.

चक्रीबाई आणि मास्तर अकरा वर्षं एकाच प्रयोगशाळेत होते. तिथे कृत्रिम गुडघे झिजवण्याचं काम चाले. वर धातूची गुळगुळीत गाठ, खाली प्लास्टिकची पांढरी, उथळ बशीसारखी चकती. यंत्र त्या दोघांना भाराखाली वाकवी आणि सरळ करी, सेकंदाला एक चक्र. माणसाचा एक पाय वर्षभरात जेवढी पावलं टाकतो तेवढी हे यंत्र बारा दिवसांत टाकून मोकळं होई. सांध्याभोवती वासराच्या रक्तातून काढलेला पिवळसर द्रव असे, कारण माणसाच्या गुडघ्यातही काही कोरडं चालत नाही. त्या द्रवाला तिसऱ्या दिवसापासून असा वास सुटे की नवा माणूस दुपारचा डबा परत घरी नेई.

यंत्र चक्रीबाईंचं. 'किती वाजले?' विचारलं तर त्या घड्याळाकडे न बघता चक्रांचा आकडा सांगत, म्हणून हे नाव. तराजू मास्तरांचा. दर पाच लाख चक्रांनी यंत्र थांबे, तिन्ही चकत्या बाहेर निघत, धुतल्या जात, वाळवल्या जात आणि काचेच्या पेटीतल्या तराजूवर येत. वजन जेवढं घटलं तेवढी झीज. मिलिग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा तो तराजू. समोर कोणी जांभई दिली तरी आकडा हलायचा. मास्तर श्वास रोखून आकडा वाचत. त्यांची प्रकृतीही तोळामासा, त्यामुळे नाव सगळ्याच बाजूंनी चपखल बसलं.

एक मेख होती. हे प्लास्टिक द्रव पितं. भाराखाली ते झिजून हलकं होतं आणि पिऊन जड होतं, दोन्ही एकदम. म्हणून त्याच द्रवात चौथी चकती नुसती बुडवून ठेवत, तिच्यावर भार नाही, काही नाही. तिचं वजन जेवढं वाढेल तेवढं प्यायलेलं समजायचं आणि बाकीच्या तिघींच्या घटीत मिळवायचं. या चौथ्या चकतीला सगळे 'साक्षी' म्हणत. काम काही करायचं नाही, फक्त हजर राहायचं आणि खरं सांगायचं.

आठ वर्षांपूर्वी एका कंपनीचा नवा गुडघा चाचणीला आला होता. घाई होती. चार थांबे व्यवस्थित गेले. पाचव्या थांब्यापासून तिन्ही चकत्यांची झीज एकदम पाचव्या हिश्शाने कमी दिसू लागली, आणि शेवटपर्यंत कमीच राहिली. कंपनीचा तपासनीस आला. खुश व्हायचं सोडून त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"प्लास्टिकला मध्येच दया येत नसते," तो म्हणाला. "कोणीतरी भार उतरवलाय."

त्या दिवसांत यंत्राचा पंप कुरकुरत होता. चक्रीबाईंनी नवा मागितला होता, मिळाला नव्हता. पंप टिकावा म्हणून बाईंनी भार उतरवला असेल, हे कोणालाही पटण्यासारखं होतं. त्यांनी भाराचे आलेख टेबलावर पसरले. तपासनीस म्हणाला, आलेख काय, ज्याचं यंत्र त्याचा आलेख.

प्रयोगशाळेचे साहेब तेव्हा वजनाच्या खोलीशी आले होते. दारातूनच विचारलं, "मास्तर, तुमच्याकडे सगळं ठीक?"

मास्तरांनी तराजूवरून नजरही न उचलता उत्तर दिलं होतं, "वजनात खोट नाही, साहेब. यंत्राचं मी कसं सांगणार?"

एवढंच. आठवडाभरात चक्रीबाईंचं टेबल रिकामं झालं आणि चाचणी पहिल्यापासून पुन्हा करावी लागली.

"परत मोजताय?" जिन्याच्या वरच्या पायरीवरून बायकोने विचारलं.

"छे."

"ओठ हलतायत तुमचे. अहो, गुडघा माझा प्लास्टिकचा आहे, डोळे नाहीत."

तीन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला होता. तेव्हापासून ती जिना चढली-उतरली की मास्तरांच्या मनात चक्रं सुरू होत. आवाज येतो का, एखादी पायरी रेंगाळते का, याकडे त्यांचे कान. तिच्या गुडघ्यावरही ते संशय धरून होते.

"किरकिरत नाही तो," ती म्हणाली. "किरकिरतंय ते दुसरंच काहीतरी. आणि ते तुमचं जाडं पुस्तक कपाटात उलटं लागलंय."

मास्तर चमकले. "तू कपाट आवरलंस?"

"धूळ पुसली. का, धूळही तोलून ठेवली होती?"

त्या दिवशी मास्तरांनी पत्राची जागा पुन्हा बदलली. हिने वाचलं असेल का? वाचलं असेल तर बोलत का नाही? आणि नसेल वाचलं, तर किरकिर कशाची म्हणाली?

विसाव्या दिवशी साहेबांचा फोन आला. निवृत्तीनंतर साहेब फक्त कोणी गेल्याचं कळवायला फोन करत. मास्तरांनी आवाज ऐकला आणि आता कोण, असं विचारायला तोंड उघडलं.

"काय मास्तर, प्रकृती?"

"चाललंय."

"बरं, एक. आपल्या चक्रीबद्दल मला एका ठिकाणाहून विचारणा झाली. मी म्हटलं, बाबांनो, मला काय विचारता? आमच्या तोळेमास्तरांनीच तेव्हा सांगितलं होतं, यंत्रात खोट आहे म्हणून."

"मी असं म्हटलं नव्हतं, साहेब."

"मग काय म्हटलं होतंत?"

"वजनात खोट नाही, असं."

"तेच ते. वजनात नाही म्हणजे यंत्रात. तिसरी जागा कुठाय?" साहेब हसले. "तुमच्या शब्दावर तर मी निर्णय घेतला. तुम्हाला कोणी काही विचारलं तर तेवढंच सांगा. जुनं उकरू नका. या वयात कुणाला हवंय?"

मास्तरांनी फोन ठेवला. साहेबांनी आजच का फोन करावा? त्यांना पत्राचा सुगावा लागला? की चक्रीबाई आणि साहेब मिळून आपल्याला कात्रीत धरतायत? पण या सगळ्याखाली एक बारीक टोचणी होती. चक्रीबाईंचा निकाल आलेखांवर लागला, असं मास्तर आठ वर्षं धरून चालले होते. तो लागला होता त्यांच्या एका वाक्यावर, आणि ते वाक्य त्यांनी मान वर न करता बोललं होतं.

प्रयोगशाळेत जाऊन त्या चाचणीचं वजनांचं रजिस्टर बघायचं त्यांनी ठरवलं. वजनात खोट नव्हती हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'नाही' एवढा एक शब्द लिहायचा आणि मोकळं व्हायचं. बाईंनी भार उतरवला असेल तर त्याचाही माग तिथेच मिळेल.

"कुठे?" बायकोने विचारलं.

"पाय मोकळे करायला."

"बूट घालून? चष्म्याची दोन घरं घेऊन? लांबचे पाय दिसतायत."

प्रयोगशाळेत रंग नवा होता, वास जुनाच. यंत्रं आता सहा होती. एका लयीत वाकत, सरळ होत, जणू सहा माणसं खुर्चीत बसल्या बसल्या कुठेतरी निघाली होती. वजनाच्या खोलीत तिशी ओलांडलेली एक वजनवाली होती. मास्तरांना पाहून ती इतक्या घाईने उठली की तराजूचा आकडा हलला.

"सर, तुम्ही! आम्ही रोज तुमचं नाव घेतो."

"कशाला?" मास्तरांनी संशयाने विचारलं.

तिने भिंतीकडे बोट केलं. काचेखाली एक कागद होता: 'तोळेमास्तरांची पद्धत'. बारा कलमं, त्यांच्याच हातची, निवृत्तीच्या आदल्या वर्षी लिहिलेली. शेवटचं कलम: 'संशय आल्यास पुन्हा तोला. संशय न आल्यास तर नक्कीच पुन्हा तोला.' मास्तर लाजले. आयुष्यात त्यांची एवढी एकच गोष्ट कोणी भिंतीवर लावली होती.

"मला एक जुनं रजिस्टर बघायचंय," ते म्हणाले, आणि वर्ष सांगितलं.

"बरं झालं आत्ता आलात. दहा वर्षांच्या आतलं सगळं संगणकावर चढवायचं काम संपत आलंय, पण सगळं नाही हं, नुसते निकाल. रजिस्टरं आणि चाचण्यांच्या जुन्या चकत्या पुढच्या महिन्यात मोडीत."

ही आपल्याला हे का सांगतेय, असं मास्तरांना वाटलं. पण ती खुर्चीवर चढून रजिस्टर काढत होती. तिच्या चेहऱ्यावर धुळीने आलेल्या शिंकेशिवाय काही नव्हतं.

मास्तरांनी पानं उलटली. चौथा थांबा, पाचवा थांबा. तिन्ही चकत्यांची घट अगदी सारखी चालली होती: चार मिलिग्रॅम, थोडं वर, थोडं खाली. पाचव्या थांब्यानंतरही चारच. ते थबकले. भार उतरवला असता तर कच्ची घटच कमी व्हायला हवी होती. ती झाली नव्हती. चष्मा बदलून त्यांनी पुन्हा वाचलं. मग कमी काय झालं?

वजनवाली खांद्यावरून डोकावत होती. "साक्षी बघा ना, सर. इथपर्यंत दर थांब्याला जवळजवळ एक मिलिग्रॅम पितोय. आणि पान उलटल्यावर शून्य पूर्णांक एक, शून्य, शून्य पूर्णांक एक. पोट भरल्यासारखा एकदम." तिने मागचं पान उलटून पाहिलं. "अरे, याचं मूळ वजनच वेगळंय. हा तो साक्षी नाहीच. कोणीतरी दुसरा घातलाय, आधीच भिजून फुगलेला. मग मिळवायचं ते कमी मिळवलं गेलं आणि झीज पाचव्या हिश्शाने कमी दिसली. तुमच्या सहाव्या कलमातलंच की, 'साक्षी बाकीच्या चकत्यांबरोबरचा आणि तेवढाच भिजलेला हवा.' कोण होतं तेव्हा वजनावर?"

मास्तरांनी रजिस्टर जवळ ओढलं. पहिला विचार आला तो असा: हे पान कोणीतरी मागाहून लिहिलंय. चक्रीबाईंनी. साहेबांनी. त्यांनी अक्षर निरखलं. सातच्या आकड्याच्या पोटात आडवी रेघ होती. त्या इमारतीत अशी रेघ एकच माणूस मारी.

"त्या चाचणीच्या चकत्या आहेत?" त्यांनी विचारलं.

डबा आला. तीन पिशव्यांत तीन झिजलेल्या चकत्या. चौथ्या पिशवीवर 'साक्षी', आणि आत दोन. एकीचा काठ टवका उडालेला.

टवका बोटाला लागला आणि मास्तरांना ती सकाळ आठवली. ओला हातमोजा, चकतीचं निसटणं, स्टीलच्या सिंकमधला तो टणकन आवाज. दारात कोणी नव्हतं. आदल्या चाचणीची एक चकती फळीवरच्या बरणीत चार महिने पडून होती. त्याच आकाराची, त्याच प्लास्टिकची. उलट बरंच, असं त्यांना वाटलं होतं. चांगला मुरलेला साक्षी, आकडा स्थिर देईल. बाकीच्या चकत्या घाईमुळे चारच दिवस भिजवलेल्या आहेत, त्या अजून तहानलेल्या आहेत, याचा विचारच केला नव्हता. पान भरतच आलं होतं. नव्या पानावर नवं वजन लिहून त्यांनी सुरुवात केली होती. शेरा लिहिला नव्हता. अकरा वर्षांत हातून पहिल्यांदा काही पडलं होतं, आणि ते शाईने लिहावंसं वाटलं नव्हतं.

एवढं विसरणं एकवेळ समजण्यासारखं होतं. पण सहावं कलम त्यांनी त्या चाचणीनंतर दोन वर्षांनी लिहिलं होतं, एका परिसंवादात ऐकून. लिहिताना हे रजिस्टर आठवलं कसं नाही? की आठवायला आलं होतं आणि आपणच दार लोटलं? जगातल्या प्रत्येकाचा त्यांनी संशय घेतला होता, बायकोच्या गुडघ्याचासुद्धा. हा एक माणूस तेवढा सुटला होता.

"सर, पाणी देऊ?"

रजिस्टर मिटलं असतं तर पुढच्या महिन्यात रद्दीत गेलं असतं. 'नाही' हा शब्द लिहायला दोन अक्षरं लागतात. मास्तर भिंतीवरच्या कागदाकडे पाहत राहिले.

"वजनावर मीच होतो," ते म्हणाले. "या दोन पानांच्या प्रती मिळतील? आणि हा डबा मोडीत घालू नका. कोणीतरी मागेल."

वजनवालीने त्यांच्याकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे. ती प्रती काढायला गेली. भिंतीवरच्या त्या कागदाचं ही आता काय करेल, हा विचार मास्तरांच्या मनात आलाच.

घरी त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. चार पानं झाली. त्या काळची पद्धत, घाई, ओले हातमोजे, शास्त्रातली तेव्हाची अनिश्चितता. दोन तळटीपाही झाल्या. बायको चहा ठेवायला आली आणि उभ्या उभ्या वाचू लागली. मास्तरांनी हात आडवा धरला, मग काढून घेतला.

"हे उत्तर आहे की वकिलाची नोटीस?" ती म्हणाली. "तिने हो की नाही विचारलंय."

"तुला कसं माहीत?"

"अहो, शब्दकोशात ठेवलं होतंत ना तीन दिवस? सात अक्षरी शब्द शोधत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून." ती खुर्ची ओढून बसली. "काय आहे उत्तर?"

"हो." मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "मी बदलला होता. तिचा काही दोष नव्हता. आता लोक म्हणतील, तोळेमास्तर म्हणे! ज्याच्या तराजूची शपथ घ्यायचो तो असा निघाला."

"म्हणू देत. तिला आठ वर्षं म्हणतायत."

मास्तरांनी चार पानं बाजूला सारली. नव्या कागदावर लिहिलं:

'चक्रीबाई, हो. चौथ्या थांब्यानंतर साक्षी माझ्या हातून पडला आणि त्याचा टवका उडाला. मी बरणीतला, चार महिने भिजलेला दुसरा घेतला आणि कोणालाही सांगितलं नाही. भार कमी झाला नव्हता, कच्च्या वजनांवरून ते स्पष्ट दिसतं. रजिस्टरच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत. दोन्ही साक्षी प्रयोगशाळेत डब्यात आहेत. साहेबांना तेव्हा मी म्हटलं की वजनात खोट नाही. खोट वजनातच होती. हेच मी त्या प्रमुखांना आणि साहेबांनाही वेगळं लिहीत आहे. तुमचं पत्र वीस दिवस दडवून ठेवलं, तो दोष वेगळा.'

माफी मागावी की नाही यावर ते अर्धा तास अडून राहिले. मागितली तर ती सोपी वाटेल, न मागितली तर उद्धट. शेवटी 'माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही' असं लिहिलं, ते नाटकी वाटलं म्हणून खोडलं, आणि खोडलेलं तसंच ठेवून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टपाल कचेरीत गेले. महिना संपायला नऊ दिवस होते. खिडकीतल्या बाईने तिन्ही पाकिटं एकेक करून काट्यावर टाकली.

"हा काटा सपाट बसलाय का?" मास्तरांनी न राहवून विचारलं.

"आजोबा, पत्रं आहेत. सोनं नाही."

"नाही, तसं नाही. पोचतील ना वेळेत?"

"परवा. पोचपावती हवी?"

"हवी," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून, "पत्ता नीट वाचता येतोय ना? तो सात आहे, एक नव्हे."

"येतोय हो," म्हणत तिने तिन्ही पाकिटांवर शिक्के मारले आणि मागे न बघता ती पोत्यात टाकली.